खूण आणि ओळख

आमच्या गावाच्या नावामागे 'रेल्वे' हा शब्द लागतो. जुना धामणगाव वेगळा. दत्तापूर आणि त्याच्या आसपास, स्थानकाच्या आधाराने वाढलेला हा धामणगाव रेल्वे. शेजारचे चांदूरही असेच रेल्वे लावून राहिले आहे. गावांना नदीचे, झाडाचे, ग्रामदैवताचे किंवा एखाद्या पाटलाचे नाव चिकटते. आम्हाला मालगाडीचे चिकटले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभारात आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातील गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. यवतमाळकडचा कापूस सुमारे ४५ किलोमीटरांच्या सडकेवरून बंड्यांनी येथे येई आणि येथून मुंबईकडे रवाना होई. आमचे गाव वसले ते पिकलेले बाहेर पाठविण्यासाठी. पिकलेले खाण्याचा विचार त्याच्या जन्मवेळी कोणी केलेला नव्हता.

हे इतिहासाचे पुराण येथे लावण्याचे कारण एक अगदी क्षुल्लक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात बाजार समितीच्या रस्त्यावर तुरीने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. त्या रांगेतून वाट काढीत कुरिअरचा मुलगा आमच्या घरी आला आणि त्याने एक पाकीट हातात ठेवले. पाकिटात एक किलो तुरीची डाळ होती. वर हिरवी खूण, 'जैविक' असा शब्द, प्रमाणपत्राचा क्रमांक. मागे पॅकिंग करणाऱ्या कारखान्याचा दुसऱ्या राज्यातील पत्ता. तूर कोठे पिकली हे मात्र त्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. भाव बाजारातील डाळीच्या जवळजवळ दुप्पट. पाकीट आम्हीच मागविले होते आणि मागविताना आपण काही चांगले करीत आहोत असेच आम्हाला वाटत होते. दारासमोरून तूर चालली आहे आणि आपण तूर टपालाने मागवीत आहोत, यातील विसंगती त्या मुलाने पैसे मोजून घेईपर्यंत आमच्या ध्यानात आली नाही.

या विसंगतीची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु प्रश्न चेष्टेचा नाही. ट्रॉलीतली तूर कशी पिकविली गेली हे आम्हाला ठाऊक नव्हते; पाकिटातली कशी पिकविली गेली याची निदान कोणीतरी लेखी हमी दिली होती. ज्या गावात वावर दीड-दोन कोसांवर आहे तेथेसुद्धा खाणारा आणि पिकविणारा एकमेकांना इतके अनोळखी व्हावेत, की त्यांच्यामध्ये एका छापील खुणेने मध्यस्थी करावी, हे कसे झाले आणि त्यावर ग्राहक म्हणून आपण काय करू शकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

* * *

प्रथम त्या खुणेविषयी, कारण तिच्याबद्दल आंधळी श्रद्धा आणि सरसकट कुचेष्टा अशा दोन्ही गोष्टी ऐकू येतात. आपल्याकडे सेंद्रिय मालाच्या प्रमाणीकरणाच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली २००१ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची. तीत शेतकऱ्याशी संबंध नसलेली, मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेत आणि नोंदी तपासते; ही वाट मुळात निर्यातीसाठी आखलेली. हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ पार पाडल्यावर माल पूर्णार्थाने सेंद्रिय ठरतो. दुसरी वाट सहभागी हमीची, म्हणजे पीजीएसची. तीत गावातील शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि एकमेकांना जामीन राहतो. रूपांतरकाळातील मालाला 'पीजीएस-ग्रीन' आणि त्यानंतरच्या मालाला 'पीजीएस-ऑरगॅनिक' म्हणतात. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनंतर या दोन्ही वाटांनी आलेल्या मालावर 'जैविक भारत' ही खूण येऊ लागली. त्याच नियमांनी लहान उत्पादकाने थेट खाणाऱ्याला विकलेल्या मालाला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट दिली आहे. ही सूट फार बोलकी आहे. कायद्यालाही एवढे कळते, की दोन माणसे समोरासमोर उभी असतील तर त्यांच्यामध्ये शिक्क्याची गरज उरत नाही.

खूण ही अनोळखी माणसांसाठी असते. मुंबईतील किंवा परदेशातील ग्राहकाला वऱ्हाडातील शेत पाहता येणे शक्य नाही. त्याच्यासाठी खूण हा प्रामाणिक आणि आवश्यक उपाय आहे. तिच्यात लबाडी होते म्हणून ती टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. वजनकाट्यातही लबाडी होते. पण खूण असे सांगते की अमुक पदार्थ वापरले नाहीत. ते न वापरण्याची किंमत कोणी मोजली, हे ती सांगत नाही. आणि आमच्या मते सगळे प्रकरण तेथेच आहे.

शब्दांचा गोंधळ वेगळाच. सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, विषमुक्त, गावरान, देशी हे शब्द दुकानांच्या पाट्यांवर एकाच अर्थाने नांदतात. वास्तविक अमरावतीचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ते आपल्या नैसर्गिक शेतीला सेंद्रिय म्हणू देत नाहीत. विकतचे सेंद्रिय खत हेही त्यांना परावलंबनच वाटते. त्यांच्या सर्वच दाव्यांशी कृषिशास्त्रज्ञ सहमत नाहीत आणि तो वाद येथे सोडविण्याची आमची योग्यता नाही. परंतु 'शेतकऱ्याने काय विकत घ्यावे लागू नये' हा त्यांचा प्रश्न आणि 'मी काय विकत घ्यावे' हा आमच्यासारख्यांचा प्रश्न, हे दोन प्रश्न एका टेबलावर कधी येतच नाहीत. गावरान तुपाच्या जाहिरातीत गाय दिसते; तिच्यामागे उभा असलेला माणूस दिसत नाही.

* * *

आता जो शब्द पाट्यांवर नसतो त्याविषयी. आमच्या भागात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारले, तुरीला औषध द्यायचे आहे, कृषी केंद्रातून औषध आणले, अशी भाषा. कर्जाने गांजलेला माणूस जीव देतो तेव्हाही तो औषधच प्यालेला असतो. ज्या द्रवाने अळी मरते, माणूस मरतो आणि पीक जगते, त्याला एका समाजाने औषध म्हणावे यात त्या समाजाची अगतिकता किती खोल गेली आहे ते दिसते.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीची वाढली होती. फवारा डोक्याच्या पातळीवर धरावा लागत होता. हवा दमट होती, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती आणि तोंडाला रुमालापलीकडे काही नव्हते. ज्यांच्या अंगावर ते तुषार पडले त्यांत रोजाने गेलेले मजूर पुष्कळ होते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा फवारण्या कमी होतील ही आशा होती. काही वर्षे ती खरीही ठरली. पुढे गुलाबी बोंडअळी परतली आणि रसशोषक किडीही वाढल्या.

सेंद्रिय अन्न का घ्यावे, असे आमच्या ओळखीच्यांपैकी कोणालाही विचारले तर उत्तर मिळते : आरोग्यासाठी. कोणाच्या? आपल्या. आपल्या मुलांच्या. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे, आणि थोडेसे लाजिरवाणेही आहे. ताटातील डाळीत एखाद्या रसायनाचा अंश उरला असेल तर तो सूक्ष्म असतो, आणि त्याच्यासाठी निदान मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. फवारणाऱ्याच्या श्वासात गेलेल्या मात्रेची तपासणी करायला कोणी उभा नसतो. विषाचा मोठा वाटा वावरातच संपतो. आपल्यापर्यंत त्याचा उरलासुरला पोचतो. तेव्हा सेंद्रिय माल घेण्याचे पहिले कारण फवारा पाठीवर घेणारा माणूस असावयास हवे. आपले पोट त्यानंतर.

आणि आपल्या पोटापुरते शुद्धतेचे बेट तयार करता येईल ही कल्पना तर या भागात हास्यास्पदच आहे. आमच्या गावात जिनिंग आहेत. तेथे कापसापासून सरकी निघते. सरकीचे तेल फरसाणात, वेफर्समध्ये, हॉटेलच्या कढईत जाते; ढेप जाते गाईम्हशींच्या पुढ्यात. सरकी बीटी कापसाची, कारण वऱ्हाडात दुसरा कापूस आता शोधूनच काढावा लागतो. म्हणजे जो गृहस्थ जैविक डाळीचे पाकीट आणून निर्धास्त झाला आहे, तो सकाळच्या चहातील दुधातून आणि संध्याकाळच्या चिवड्यातून त्याच वावरांशी जोडलेला आहे. यात भीती दाखविण्याचा हेतू नाही. असे तेल खाणे अपायकारक आहे असाही आमचा दावा नाही. मुद्दा एवढाच की भोवतालची जमीन जशी असेल तसेच आपले स्वयंपाकघर असणार. त्याला वेगळे कुंपण घालता येत नाही.

* * *

असो. येथवर आम्ही इतरांना उपदेश केला. आता स्वतःच्या कृत्याविषयी.

त्या पाकिटाच्या प्रसंगानंतर आम्ही दहा कुटुंबांनी ठरविले की डाळ टपालाने मागवायची नाही. आमच्यात बहुतेक नोकरदार. दोघे-तिघे शिक्षक, एक डॉक्टर. गावापासून दोन कोसांवर ओळखीचे एक शेतकरी एक एकर निव्वळ तूर रासायनिक खताशिवाय आणि फवारणीशिवाय करायला तयार झाले. एकरी पाच क्विंटलची त्यांची अपेक्षा होती. पाच क्विंटल तुरीची साधारण साडेतीन क्विंटल डाळ होते. दहा घरांना पस्तीस-पस्तीस किलो, वर्षाची बेगमी. बाजारात क्विंटलला आठ हजार मिळत होते. आम्ही दहा हजार कबूल केले. पंचवीस टक्के अधिक! आम्हाला आमच्या औदार्याचे कौतुक वाटले, आणि चहा पिताना आम्ही ते एकमेकांना बोलूनही दाखविले.

तूर फुलावर आली आणि आठवडाभर आभाळ आले. ढगाळ हवेत शेंगा पोखरणारी अळी कशी फोफावते हे वऱ्हाडात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांनी निंबोळी अर्क मारला होता, पक्ष्यांना बसायला तुरीत मधूनमधून ज्वारी टोबली होती, कामगंध सापळे लावले होते. तरीही एका सकाळी फोन आला. "भाऊ, अळी गंज झाली. फवारू का नोको फवारू? तुम्ही म्हणान तसं करतो."

त्या क्षणी आम्ही फार तत्परतेने उत्तर दिले. नका फवारू, असे म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे, असेही म्हणालो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

तूर दोन क्विंटल झाली. आम्ही शब्दाला जागून क्विंटलला दहा हजार दिले आणि हिशेब मिटला असे समजलो. तो मिटलेला नव्हता, हे आमच्यातील एका गृहिणीने, वाट्याला आलेली चौदा किलो डाळ डब्यात भरताना, बोटांवर मोजून दाखविले. फवारणी केली असती आणि माल बाजारात नेला असता तर पाच क्विंटलचे चाळीस हजार आले असते. फवारणीचा दोन-अडीच हजार खर्च वजा केला तरी साडेसदतीस-अडतीस हजार. आमच्याकडून मिळाले वीस हजार. आमच्या औदार्याची एकूण किंमत होती चार हजार रुपये, दहा घरांत वाटून प्रत्येकी चारशे. आमच्या तत्त्वाची किंमत होती सतरा हजारांच्या पुढे, आणि ती एकट्या त्या माणसाने भरली होती. आम्ही तर उरलेली डाळ किराणा दुकानातून आणून आपले वर्ष सुरळीत पार पाडले.

'नका फवारू' हे दोन अक्षरांचे आणि तीन अक्षरांचे दोन शब्द उच्चारण्याचा अधिकार आम्हाला कोठून आला होता? आम्ही फक्त भाव दिला होता. भावाने मालावर हक्क येतो; दुसऱ्याच्या नुकसानीवर निर्णय देण्याचा हक्क भावाने येत नाही.

* * *

अशीच चूक एका देशानेही करून पाहिली आहे. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. सारा देश एका फटक्यात सेंद्रिय करण्याचा तो संकल्प होता. भाताचे पीक घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, चहाच्या मळ्यांना झळ बसली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. सेंद्रिय शेतीचे विरोधक या उदाहरणाने आनंदित होतात. आम्हाला त्यातून वेगळाच बोध होतो. तेथेही निर्णय एकाचा होता आणि जोखीम दुसऱ्याची. राजधानीत बसून घेतलेला निर्णय काय किंवा धामणगावात फोनवर दिलेला सल्ला काय, जातकुळी एकच.

जोखमीची वाटणी ही आमच्या भागातील शेतीला नवी गोष्ट नाही. वावर दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन रीती वऱ्हाडात सर्वांना माहीत आहेत. एक बटईची : पीक येईल त्यात मालकाचा आणि कसणाऱ्याचा वाटा, आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. दुसरी मक्त्याची : हंगामाआधी ठरलेली रक्कम मालकाच्या हाती, मग पाऊस पडो न पडो. मक्त्यात मालक निर्धास्त आणि कसणारा एकटा. आम्ही ग्राहकांनी जो सौदा केला होता तो बटईचाही नव्हता आणि मक्त्याचाही नव्हता. पीक आले तर आमचे आणि बुडाले तर त्यांचे, असा तो तिसराच प्रकार होता. आणि त्याला आम्ही 'शाश्वत' म्हणत होतो.

गावगाड्यातील बलुत्यातही खळ्यावरच्या वाट्याने सुकाळ-दुष्काळ वाटला जाई असे सांगितले जाते. त्या व्यवस्थेने माणसांना जन्माने बांधून ठेवले होते. तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परंतु उत्पन्नाबरोबर तूटही वाटून घेता येते, एवढी कल्पना आपल्या मातीत परकी नाही, हे ध्यानात घ्यावे. जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात 'तेईकेई' नावाने हीच कल्पना नव्याने उभी राहिली. कीटकनाशकांच्या बातम्यांनी धास्तावलेल्या गृहिणी थेट शेतकऱ्यांकडे गेल्या. अमुक भाजी हवी असे न म्हणता शेतात जे पिकेल ते घेण्याचे त्यांनी मान्य केले. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास हंगामाआधीच वर्गणी भरून शेताचे भागीदार होण्याची पद्धत सुरू झाली. वर्गणीदाराला टोपलीत काय येईल ते निसर्ग ठरवितो.

आणि इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. वर्धा नदी ओलांडली की तासाभरात रेल्वेने वर्धा येते. तेथील मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ यांचे जे प्रयोग तेथे झाले त्यांची नावे आज शहरांतील महागड्या दुकानांच्या फळ्यांवर आढळतात. त्या संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी खरेदी ही नैतिक कृती मानली होती. वस्तू ज्या परिस्थितीत निर्माण झाली तिची जबाबदारी घेणाऱ्यावरही येते, केवळ पैसे दिल्याने तो मोकळा होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच वस्तूचा उगम डोळ्यांच्या टप्प्यात असावा असा त्यांचा आग्रह असे. आम्ही हातसडीचा तांदूळ उचलला. त्याला जोडलेली जबाबदारी मात्र मगनवाडीतच सोडून आलो.

* * *

मग घ्यावे काय? मार्गदर्शक तक्ते छापण्याचे हे स्थळ नाही, पण प्रश्न टाळून जाणेही योग्य नव्हे.

आम्हाला स्वतःपुरते असे वाटू लागले आहे की पहिली निवड पिकाची असावी, शिक्क्याची त्यानंतर. वऱ्हाडचे मुख्य अन्न ज्वारी होते. सोयाबीन आले, ज्वारी वावरांतून निघाली. जे आम्ही खात नाही ते पिकवू लागलो आणि जे खातो ते रेशनच्या गव्हातांदळातून व दूरच्या बाजारातून आणू लागलो. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले तेव्हा तीच ज्वारी बिस्किटांच्या वेष्टनावर बसून परत आली. ज्वारी, जवस, तीळ, मूग, बरबटी, अंबाडी ही कापसाच्या तासांमध्ये आणि धुऱ्यावर सहज येणारी पिके होती. त्यांना फवारणी फारशी लागत नसे. त्यांना गिऱ्हाईक मिळाले तर वावरात पुन्हा विविधता येईल, आणि किडीला आवर घालण्याची विविधतेइतकी स्वस्त वाट दुसरी नाही. उन्हाळ्यात चिवळ आणि पावसाळ्यात तरोटा विकणारी बाई आठवडी बाजाराच्या कडेला बसते. तिच्या टोपलीवर कोणतीही खूण नसते. ती भाजी कोणी पेरलेली नसते, मग फवारणार कोण?

दुसरे, रूपांतरकाळातील माल आवर्जून घ्यावा. रसायने सोडल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे शेतकऱ्याला सर्वांत कठीण जातात. उत्पन्न घटते आणि पूर्ण शिक्का नसल्याने भावही मिळत नाही. ग्राहक नेमका याच काळात पाठ फिरवितो आणि शिक्का आल्यावर धावत येतो. विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २०१८ साली डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेतीचे मिशन सुरू झाले, त्यात शेतकऱ्यांचे गट बांधले गेले. गट पिकवू शकतात. त्यांच्यासमोर खाणाऱ्यांचेही गट उभे राहिले पाहिजेत, आणि ते काम कोणतेही सरकार करू शकणार नाही.

तिसरे, आणि हे बोलताना आम्हाला संकोच वाटतो : ज्या मजूर बाईने ती तूर सोंगली तिला ती विकत घेणे परवडणार नाही. तिच्या घरी डाळ पातळ होत जाते आणि धान्य रेशनचे येते. तिला 'सजग ग्राहक व्हा' असे सांगणे हा क्रूरपणा आहे. ज्याच्या खिशात निवड करण्याइतका पैसा आहे त्याच्यावरच निवडीची जबाबदारी येते. आमची दहा घरे गावाच्या मानाने सुखवस्तू आहेत. आमच्या खरेदीने वऱ्हाडची शेती बदलेल असा भ्रम आम्हाला नाही. बाजार समितीच्या त्या रांगेत आमची एक एकर तूर कोणाला दिसलीही नसती. हमीभाव, पीकविमा, विषारी औषधांवरील निर्बंध, मजुरांना संरक्षक साधने ही कामे दुकानात उभे राहून होत नाहीत; त्यांच्यासाठी नागरिक म्हणूनच बोलावे लागते. पण नागरिक म्हणून बोलताना निदान एका वावराचा हिशेब आपल्याला ठाऊक असला तर बोलण्याला वजन येते.

दुसऱ्या वर्षी आम्ही सौदा बदलला. क्विंटलचा भाव ठरविला नाही. एकराचे चाळीस हजार ठरविले, प्रत्येक घराचे चार हजार. निम्मे पेरणीआधी, निम्मे मळणीनंतर. तूर जी होईल ती दहा घरांची. मागील वर्षाच्या तुटीबद्दल आम्ही काही रक्कम पुढे केली तेव्हा ते फार अवघडले, आणि अर्धीच घेतली. फवारायचे की नाही हे तेच ठरवितील, त्यांनी आम्हाला फक्त कळवावे, एवढे एक वाक्य आम्ही कराराच्या कागदावर घातले. दोन घरे गळाली. डाळ मिळेल की नाही याची खात्री नसताना पैसे आधी का द्यायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेतकरी दर जूनमध्ये नेमके तेच करतो, हे आमचे उत्तर त्यांना पटले नाही. त्यांच्या जागी दुसरी दोन आली.

त्या वर्षी तूर साडेतीन क्विंटल झाली. आभाळ त्याही वर्षी आले होते. एक फवारणी त्यांनी केली, निंबोळीचीच, पण वेळेवर. आणि आमच्यापैकी चौघे रविवारी वावरात जाऊन, तुरीखाली जुने लुगडे अंथरून, झाडे हलवून अळ्या गोळा करीत होतो. तासाभरात पाठीचा काटा मोडला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलसारख्या एका छोट्या गिरणीवर डाळ करून घेतली, आणि घरटी चोवीस किलोंच्या आसपास वाट्याला आली. ती दिसायला पाकिटातल्यासारखी एकसारखी पिवळी नाही. काही दाण्यांना साल चिकटून राहिली आहे, काहींवर अळीने कोरलेल्या खुणा आहेत. निवडायला वेळ लागतो.

त्या डाळीच्या डब्यावर आम्ही काही लिहिलेले नाही. कोणाची आहे, ते घरात सर्वांना माहीत आहे.